पट्ट्यांना इस्त्री

टॅग : वास

गाडीचं दार उघडलं तर आधी वास बाहेर आला, आणि त्याच्या मागून उन्हात तापलेली हवा.

आजोबांचं नाक साधंसुधं नव्हतं. त्यांनी उभा जन्म ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काढला होता. गल्लीतले लोक त्यांना डागकाका म्हणायचे. शर्ट नाकाशी धरून ते सांगायचे, हा डाग चहाचा, हा गंजाचा, आणि हा, बाईसाहेब, तुमच्या साहेबांनी तुम्हाला जे सांगितलंय त्याचा नाही. दुकान विकून ते आता लेकीकडे राहायला आले होते. पण दुकानाबरोबर नाक काही विकलं नव्हतं.

"केळं," ते गाडीत डोकं घालून म्हणाले. "दूध. साखर. आणि बंद काचेमागचं ऊन."

मागच्या बाकावर बटणची कार सीट होती. बटण म्हणजे नात. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं. आजोबांनी गमतीने हाक मारली आणि ती अंगाला चिकटली ती चिकटलीच. आता बटण अडीच वर्षांची झाली होती. हातात पेला आला की तो पालथा करायचा आणि काय होतं ते बघायचं, असा तिचा अभ्यास चालू होता. या खेपेला केळं घातलेलं दूध सीटच्या कव्हरवरून पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून बकलमध्ये आणि तिथून देव जाणे कुठे कुठे गेलं होतं.

लेक सकाळी बटणला बरोबर घेऊन कामावर जाताना बजावून गेली होती, "बाबा, त्या सीटला हात लावू नका. सुट्टीच्या दिवशी मी बघते."

डागकाकांना कुणी डागाला हात लावू नका म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यातला प्रकार.


टॅग : अट

पुढे जाण्याआधी हा टॅग वाचून ठेवायला हवा, नाहीतर आजोबांची पुढे एवढी पंचाईत का झाली ते कळायचं नाही.

सोमवारपासून बटणची बालवाडी सुरू होणार होती. बालवाडी दुपारीच सुटते. मग दोनच वाटा होत्या. एक तर पोरीला तिथल्याच पाळणाघरात संध्याकाळपर्यंत ठेवायचं, नाहीतर आजोबांनी गाडी घेऊन जायचं, तिला आणायचं आणि सगळी दुपार आजोबा आणि नात, दोघांचीच.

आजोबांना ती दुपार हवी होती. दुकान गेल्यापासून त्यांच्या दुपारी इस्त्री न केलेल्या चादरीसारख्या पडून होत्या.

लेक फिजिओथेरपिस्ट. तिने पाय वर म्हटलं की दवाखान्यात भली भली माणसं मुकाट पाय वर करतात. "अख्ख्या गावाने माझं ऐकलं तरी तुम्ही ऐकत नाही, बाबा," ती म्हणाली होती. "गाडी तुम्ही चांगली चालवता, प्रश्न तो नाहीच. पण तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं. पोर तुमच्या हाती द्यायची म्हणजे मला… मला विचार करू द्या."

विचार अजून चालू होता. आणि आजोबा बाह्या सरसावून गाडीत शिरले होते, कारण त्यांच्या हिशेबाने चकचकीत सीट बघितल्यावर विचार करायला काही उरणारच नव्हतं.


टॅग : कव्हर

आजोबांची एक पद्धत होती. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला आधी टॅग, मग पाणी. इथेही तेच. सीट अंगणात आणून त्यांनी जुन्या चादरीवर ठेवली, कापडाच्या चिंध्या फाडल्या, आणि एकेक भाग सोडवून त्याला चिंधी बांधली. 'कव्हर.' 'उजवा पट्टा.' 'डावा पट्टा.' 'मधला.' 'बकल.'

कव्हर निघालं आणि खालून एक जग वर आलं. बिस्किटाचा चुरा, तेलखडूचं निळं टोक, एकच मोजा, कुठल्याशा वाढदिवसाच्या फुग्याची चिंधी, आणि एक मोती.

"अहो विहीणबाई!" आजोबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून आवाज दिला. "तुमच्या कानातला मोती चोरीला गेला होता ना?"

खिडकीत जावयाची आई आली. ती आणि आजोबा एकाच छपराखाली राहत होते आणि दिवसातून निदान एकदा एकमेकांची उलटतपासणी घेत होते. विहीणबाईंची नोकरी टेलिफोन ऑफिसात झाली होती. हजारो माणसांचे फोन त्यांनी एकमेकांना जोडून दिले होते.

"मी चोरीला गेला असं कधी म्हटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही घरात आलात आणि मोती गेला. दोन वेगळी वाक्यं होती ती."

"आता मोती आला आणि मी आहेच."

"दुर्दैव," विहीणबाई म्हणाल्या, आणि मोती घ्यायला हात पुढे केला. मग चादरीवरचा पसारा बघून त्यांनी विचारलं, "सूनबाईने हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"सीटला म्हटलं होतं. ही आता सीट कुठंय? हे सुटे भाग आहेत."

कव्हरच्या शिवणीत लेबल होतं. आजोबांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. दुकानात गिऱ्हाईक घरीच धुऊन वाट लावलेला स्वेटर घेऊन आलं, की ते एकच प्रश्न विचारायचे, लेबल वाचायला काय होतं? भल्याभल्यांना त्या प्रश्नाने घाम फुटायचा. त्यामुळे लेबल त्यांनी अक्षरन् अक्षर वाचलं. हाताने धुवा, थंड पाणी, सौम्य साबण, पिळू नका, सावलीत वाळवा. अगदी तसंच केलं. कव्हर असं धुतलं की त्यावरचे छापील ससे पुन्हा ओळखू येऊ लागले.

पट्ट्यांना शिवणीत लेबल नव्हतं.

लेबल नाही म्हणजे डागकाकांची मर्जी.


टॅग : सांगाडा

पट्टे भिजत असताना आजोबा प्लॅस्टिकच्या सांगाड्याकडे वळले. त्याच्या कुशीला एक मोठा पांढरा कागद चिकटवलेला होता. कडा सुटलेल्या, त्यावर दूध वाळून पिवळं झालेलं, आणि गोंद काळा पडलेला. कपड्याला चिकटलेला कागद म्हणजे जाहिरात, आणि गोंद म्हणजे डाग. आजोबांच्या लेखी यात वाद नव्हता. त्यांनी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि घासलं. बरंचसं गेलं. जे राहिलं ते राहिलं. म्हाताऱ्या हाताला रग लागली.


टॅग : पट्टे

डाव्या-उजव्या पट्ट्यांचा मूळ रंग राखाडी होता, पण तो कुणाच्या आठवणीत नव्हता. दुधाने, घामाने आणि चॉकलेटने त्यांना वाळलेल्या चिखलाची कळा आली होती. आजोबांनी दुकानातून आणलेली तपकिरी बाटली उघडली. झाकण निघताच विहीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

ब्लीचमध्ये पट्टे बराच वेळ राहिले. मग घासले, मग धुतले, मग उन्हात टांगले. राखाडी रंग परत आला, नव्हे, आणखी दोन पावलं पुढे येऊन फिकट चंदेरी झाला. पण सुकल्यावर त्यांना सुरकुत्या पडल्या. आणि सुरकुती म्हणजे डागाची धाकटी बहीण.

आजोबांनी इस्त्री तापवली.

विहीणबाईंनी खिडकी उघडून बघितलं, तर व्याही ओलं फडकं पसरून पट्ट्यांवर वाफेचे ढग काढत होते.

"काय हो, आता सीटला टाय पण घालणार का?"

"नीटनेटकेपणा म्हणतात याला. तुम्हाला टेलिफोनच्या वायरींत राहून गुंत्याची सवय."

"आणि तुम्हाला वाफेची. डोक्यात पण तीच आहे."

कडक, सरळ, लखलखीत पट्टे. ते जागच्या जागी ओवले, टॅग बघून उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. बकल कोमट पाण्यात हलवून, झटकून, वाळवून बसवलं. दाबलं की टक्‌ असा स्वच्छ आवाज. वरून सशांचं कव्हर. मग आजोबा दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे सरले आणि म्हणाले, "या, विहीणबाई. बघा आणि जळा."


टॅग : स्टिकर

विहीणबाई आल्या. सीटभोवती फिरल्या. मनातून त्यांना सीट आवडली होती, म्हणून त्या खोट शोधायला लागल्या. सांगाड्याच्या कुशीपाशी वाकल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. टेलिफोन ऑफिसात खरखरत्या लाइनवर अर्धं वाक्य ऐकून पुरं वाक्य लावायची त्यांना सवय होती.

खरवडलेल्या कागदावर उरलं होतं ते असं :

     ……ट्टे पाण्यात बुड……
     ……लीच, ……त्री, ……ल वापरू नये
     ओल्या फडक्या…… ……सून घ्या
     खराब झाल्…… ……लून घ्यावेत

"पट्टे पाण्यात बुडवू नयेत," विहीणबाईंनी वाचलं.

"कशावरून? 'पट्टे' म्हटलंय कुठे? पहिलं अक्षरच नाही."

"मग काय, खट्टे? पुढे ऐका. ब्लीच… काहीतरी 'त्री'… तेल वापरू नये."

"मैत्री असेल."

"हो तर. कंपनी म्हणते, मैत्री वापरू नये. व्याहीबुवा, इस्त्री आहे ते."

आजोबांनी खाली बसून स्वतः वाचलं. मग कागदाचं गेलेलं अर्धं शोधावं तसं हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"लेबल होतं हे?" ते हळूच म्हणाले.

"होतं," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही धुतलंत."


टॅग : फोन

कंपनीचा नंबर विहीणबाईंनीच शोधला, आणि पलीकडची यंत्रातली बाई एक दाबा, दोन दाबा करत असताना तिला न जुमानता जिवंत माणसापर्यंत पोचल्या. मग फोन आजोबांच्या हातात दिला.

— नमस्कार, बोला.

— माझ्या एका मित्राला विचारायचं होतं.

— हो, विचारा ना.

— त्याने मुलांच्या सीटचे पट्टे ब्लीचमध्ये धुतले. थोडेसेच. आणि वरून जरा इस्त्री फिरवली. चालेल ना?

— नाही चालणार, काका. ते पट्टे आता वापरू नका.

— पण नव्यासारखे दिसतायत! त्याचे. म्हणजे मित्राचे.

— दिसणारच. दिसण्यावर कळत नाही, तीच तर गोम आहे. गाडी आदळते तेव्हा सगळा भार त्या पट्ट्यांच्या धाग्यांनी पेलायचा असतो. ब्लीचने आणि उष्णतेने धागा कमजोर होऊ शकतो, आणि किती झाला ते घरी तपासता येत नाही. पट्टे फक्त ओल्या फडक्याने, साध्या साबणाने पुसायचे.

— मी ओढून बघितले. चांगले मजबूत आहेत.

— तुम्ही ओढून बघितलेत का, काका?

(इथे आजोबांनी विहीणबाईंकडे पाठ फिरवली.)

— हो. मीच तो मित्र.

— हरकत नाही, रोज कुणाचा तरी मित्र फोन करतो. नवे पट्टे मिळतात. सीटच्या बुडाला प्लॅस्टिकमध्येच कोरलेला नंबर असेल, तो सांगा.

कोरलेला होता म्हणून वाचला.

फोन ठेवल्यावर आजोबा पायरीवर बसले. त्यांना एक शर्ट आठवला होता. गिऱ्हाइकाने घरी ब्लीचमध्ये रात्रभर ठेवलेला, बगळ्यासारखा पांढरा. दुकानात टेबलावर उलगडला आणि नुसता झटकला, तर खांद्यापासून कागदासारखा टर्रकन फाटला. तेव्हा आजोबा तोऱ्यात म्हणाले होते, पांढरा झाला म्हणजे चांगला झाला असं नसतं, साहेब.

"सूनबाईला सांगणार ना?" विहीणबाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून आजोबांना प्रश्न जास्त लागला.

"सांगितलं की सोमवार गेला."

"हं."

"तुम्हीच सांगा की. गोड शब्दात. तुमचा आवाज चांगला आहे."

"छे. मी लाइन जोडून देते," विहीणबाई उठत म्हणाल्या. "बोलायचं ज्याचं त्याने."


टॅग : लेक

नेमकी त्या दिवशी लेक लवकर आली. कडेवर बटण, खांद्याला पिशवी. फाटकातूनच तिने सीट बघितली आणि तिथेच थांबली.

आजोबांनी तोंड उघडलं. "अगं, ते—"

"बाबा! ही आपलीच सीट?" तिने जवळ येऊन वास घेतला. एकदा, मग पुन्हा, डोळे मिटून. "हात लावू नका म्हटलं होतं मी."

"हो, तेच सांगतोय, त्यात झालं असं की—"

"आणि ससे! आई, बघितलंत का, याच्यावर ससे आहेत! मला वाटायचं बटाटे आहेत." ती हसायला लागली. "मी उगाच बोलले सकाळी. बाबा, मला मान्य आहे. सोमवारपासून तुम्हीच जा बटणला आणायला."

मागितलेलं दान ताटात पडलं होतं. आजोबांनी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई त्या मोत्याकडे बघत होत्या, जणू जन्मात प्रथमच मोती पाहत असाव्यात.

"थांबा, आत्ताच एक फेरी मारू," लेकीने पिशवी पायरीवर टाकली. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. बालवाडीचा रस्ता दाखवते. चल गं बटण, सीट गाडीत लावायच्या आधी बसून बघ."

बटणला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती सशांवर चढली, वळली, बूड टेकलं. चंदेरी पट्ट्यांतून एक हात घातला, दुसरा घातला. एवढी स्वच्छ सीट आणि हातात पेला नाही, याचं तिला जरा नवल वाटलेलं दिसलं. मग तिने आजोबांकडे बघून दोन्ही पाय हलवले.

"आजो, चल ना. गाडी!"

  आजोबांनी वाकून बटणला बाहेर काढलं, विहीणबाईंच्या कडेवर दिलं, आणि चिंध्या कापायला आणलेली दुकानातली मोठी कात्री उचलली.


टॅग : कात्री

कच्च.

कच्च.


टॅग : नाही (हे चिंधी न बांधताच बाहेर पडलं)

"बाबा! वेड लागलं का तुम्हाला?" लेक ओरडली. विहीणबाई म्हणाल्या, "लाइन जोडलेली आहे, बोला," आणि आजोबा बोलले, एका दमात, कात्री हातात तशीच धरून, की कव्हर लेबल वाचून धुतलं पण पट्ट्यांना शिवणीत लेबल नव्हतं म्हणून ब्लीचमध्ये घातले, आणि ते घालायचे नसतात, आणि मग इस्त्री केली, ती तर त्याहून करायची नसते, आणि हे सगळं ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद डाग समजून पुसून टाकला, आणि फोनवरची मुलगी म्हणाली दिसायला काही कळत नाही, आणि खरंच कळत नाही, बघ ना, तुलाही नाही कळलं, तू सोमवार देऊन मोकळी झालीस आणि ही बसली पण त्यात, आणि नवे पट्टे मागवलेत, पण तोवर घरातल्या कुणीही चुकूनसुद्धा हे वापरू नयेत म्हणून कापले.

लेक कापलेल्या टोकांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "लेबल वाचायला काय होतं, बाबा?"

दुकानात शाळेचा अभ्यास करत बसायची तेव्हा तिने हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता, की चालसुद्धा हुबेहूब आली.

"वाचलं की," आजोबा म्हणाले. "शिवणीतलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घासलं."

लेकीने हसू ओठात दाबायचा प्रयत्न केला. विहीणबाईंच्या कडेवरून बटण मात्र मोकळेपणाने हसली, कारण कात्रीचा आवाज तिला फार आवडला होता. "आजो, परत कच्च!"

"तुम्ही ऐकत नाही ते नाहीच," लेक म्हणाली.

"नाही."

"मी आले तेव्हा गप्प बसला असतात तर?"

"तर आत्ता गाडीत असतो," आजोबांनी कात्री खाली ठेवली. "आणि आरशात मागे बघत राहिलो असतो. रस्त्याकडे बघितलंच नसतं मी."

लेकीने पिशवी उचलली. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि दोन पावलं आत जाऊन परत आली.

"पट्टे येईपर्यंत बटण गाडीत बसणार नाही. कळलं?"

"कळलं."

"म्हणजे सोमवारी तुम्हाला पायीच जावं लागेल तिला आणायला. वाटेत ती दगड गोळा करते, खिसे रिकामे ठेवा. आणि खांद्यावर घेऊ नका, तुमची मान मला माहितेय."

 आजोबांनी चादरीवरच्या सगळ्या चिंध्या गोळा केल्या, एक खाली पडली ती उचलली, आणखी एक पडली ती उचलली, आणि बराच वेळ ती उचलाउचल संपेना.

"ऐकलंत ना?" लेकीने विचारलं.

"ऐकलं," आजोबा म्हणाले. विहीणबाईंनी ही तारीख लक्षात ठेवायचं ठरवलं.


उरलेला तुकडा

काहीही सुटं करून पुन्हा जोडलं, की एक तुकडा उरतोच.

नवे पट्टे आले. त्यांच्याबरोबर एक पुस्तिका आणि एक कोरा करकरीत स्टिकर आला. तो आजोबांनी स्वतःच्या हाताने चिकटवला, आणि त्यावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं, "हे लेबल आहे." जसं काही दुसरंच कुणी विसरलं होतं. विहीणबाईंनी पुस्तिका टेलिफोन ऑफिसातल्या आवाजात वाचली आणि आजोबांनी त्याबरहुकूम पट्टे ओवले. कुठे पीळ नाही, कुठे ढील नाही. लेकीने बटणच्या खांद्यावर पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही आलं नाही, म्हणजे बरोबर बसला. जुन्या पट्ट्यांचा एक चंदेरी तुकडा बटणच्या अस्वलाच्या कमरेला होता. अस्वलाला गाडीचा धोका नव्हता.

गाडी निघाली. आजोबा चालवत होते, शेजारी लेक, मागे विहीणबाई, बटण आणि अस्वल. बटणच्या हातात झाकणाचा पेला होता. झाकण कुणी लावलं होतं यावर नंतर वाद झाला.

फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं.

ससे, पट्टे, बकल. संत्र्याचा रस सगळीकडे सारखा पोचला. बटणने पालथ्या पेल्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि अभ्यास बरोबर आल्यासारखी मान हलवली.

आजोबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, उतरून मागचं दार उघडलं. लेकीने वळून बघितलं. विहीणबाईंनी मोत्याला हात लावून बघितलं. आजोबांच्या हाताची बोटं आपोआप वळवळली, मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "वाचा."

"कुठून?"

"अगदी सुरुवातीपासून."